रात्रीचे आठ तास : असिस्टेड लिव्हिंगच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

कोथरूडमधली 1984 सालची सोसायटी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आजी 79 वर्षांच्या, महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. यजमानांना जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी चिंचवडला, बँकेत नोकरी; मुलगा बंगळूरला. मधुमेहाच्या गोळ्या वीस वर्षांपासून चालू. श्रावणात बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्यापाशी हाड मोडलं, अर्धा सांधा बदलावा लागला आणि आठवड्याभरात वॉकर घेऊन आजी घरी आल्या. घरी आल्या म्हणजे खुर्चीत बसवून चौघांनी तीन मजले वर नेल्या.

हे प्रकरण एकाच घरातलं नाही. पुण्यात घरोघरी थोड्याफार फरकाने जे घडतं त्याचे तुकडे जुळवून ते मांडलं आहे, आणि रुपयांचे आकडेही उदाहरणादाखलच आहेत. कायद्याच्या, विम्याच्या आणि चाचण्यांच्या गोष्टी मात्र आहेत तशाच दिल्या आहेत.

असिस्टेड लिव्हिंगचा, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळेल अशा निवासाचा, विषय निघाला की घरातलं बोलणं लगेच ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘आईला असं ठेवायचं का’ यावर जातं. या घरातही तेच झालं. पण निर्णय ज्यावर लागला तो प्रश्न बराच कोरडा होता: दिवसाच्या कोणत्या तासाला कोणती मदत लागते, ती कोण करणार, आणि गरज वाढली की पुढे काय?

ब्युरोची बाई

दवाखान्यातून घरी येतानाच मुलीने रुग्णसेवेची माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून चोवीस तासांची बाई ठरवली. ब्युरोची पद्धत ठरलेली असते. नोंदणीचे पैसे आगाऊ, महिन्याचा पगार ब्युरोमार्फत, बाईचं जेवणखाण आपल्याकडे, महिन्याला दोन सुट्ट्या आणि सुट्टीच्या दिवशी ‘बदली’. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात तीन महिन्यांत चार बाया बदलल्या. एकीला गावाहून फोन आला, एकीचं आजींशी स्वयंपाकावरून वाजलं, एक कामाला चांगली होती म्हणून शेजारच्या इमारतीत जास्त पगारावर गेली. प्रत्येक वेळी नव्या बाईला गोळ्यांचा डबा, वॉकर कसा धरायचा, गीझर, दुधाच्या पिशव्या, सगळं पहिल्यापासून समजावणं आलं. मुलगी ते बँकेतून फोनवर करायची.

चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी असलेली बाई नव्हे, हे लक्षात यायला वेळ लागतो. दिवसभर राबलेली बाई रात्री झोपणारच, आणि तिने झोपायलाच हवं. आजींना रात्रीत तीनदा उठावं लागायचं. बाईला हाक मारायचा त्यांना संकोच. “दमलेली असते गं ती,” असं मुलीला सांगायच्या आणि एकट्याच उठायच्या.

मार्गशीर्षात एका पहाटे तीनच्या सुमारास आजी घामाने निथळलेल्या आणि बोलणं असंबद्ध, अशा अवस्थेत बाईला दिसल्या. साखर 54 वर उतरली होती. संध्याकाळची ग्लिमेपिराइड, ही मधुमेहाची गोळी, दोनदा घेतली गेली होती: एकदा आजींनी स्वतः, एकदा बाईने आठवणीने दिलेली. वयस्क माणसांत या गटातल्या गोळ्यांनी साखर अशी अचानक उतरते आणि बराच वेळ खालीच राहू शकते. डॉक्टरांनी गोळी बदलली. घरात मात्र खरी वादावादी तेव्हा सुरू झाली.

कागदावर मांडलेली गरज

जिरिअ‍ॅट्रिक्सच्या (वृद्धांच्या आजारांच्या) डॉक्टरांनी दोन याद्या भरून घेतल्या. पहिली 1963 साली सिडनी कॅट्झ यांनी मांडलेली: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं-उठणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. सहापैकी चार गोष्टी आजी स्वतः करू शकत होत्या. आंघोळीला आणि पलंगावरून उठायला आधार लागत होता. दुसरी यादी लॉटन आणि ब्रॉडी यांची, 1969 सालची, आठ कामांची: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे, प्रवास, औषधं, पैसे. यात फोन, किरकोळ हिशेब आणि स्वतःचे हलके कपडे एवढंच उरलं होतं.

खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायची चाचणी झाली. बारा सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आजींना 31 लागले. स्मरणशक्तीच्या ‘मोका’ चाचणीत 30 पैकी 21 गुण. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं नाही, ‘विसरण्याची सौम्य तक्रार, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू’ असं लिहिलं. आणखी एक वाक्य त्यांनी लिहून दिलं, जे पुढे फार उपयोगी पडलं: रुग्णाला स्वतःचे निर्णय समजतात व घेता येतात.

या गुणांच्या जोडीला मुलीने एका वहीत आठवड्याची नोंद ठेवली: कोणत्या वेळी कोणती मदत लागली. गुणांपेक्षा ती वही जास्त बोलकी निघाली. सकाळी सहा ते आठ सतत माणूस हवं. आठ ते बारा जवळपास काहीच नाही. पेपर, शब्दकोडं, फोन. दुपारी जेवण आणि गोळ्या. चार ते सात सोबत हवी, कारण त्या वेळात आजी अस्वस्थ व्हायच्या आणि मुलीला चारदा फोन लावायच्या. आणि रात्री दहा ते सहा, दर अडीच-तीन तासांनी, जागं असलेलं कोणीतरी हवं, दहा मिनिटांपुरतं.

म्हणजे दिवसभराची मिळून मदत फार नव्हती. ती विखुरलेली होती, आणि सगळ्यात धोक्याची वेळ घरच्या व्यवस्थेत कोणाच्याच अंगावर नव्हती. जिथे रात्रपाळीला जागा माणूस एकाच वेळी आठ-दहा जणांकडे पाहतो, तिथे हा खर्च वाटून जातो. असिस्टेड लिव्हिंगमागचं गणित हे एवढंच आहे. ते सगळ्यांना लागू पडत नाही. ज्याला नळीतून अन्न द्यावं लागतं त्याला शुश्रूषा हवी. ज्याला फक्त स्वयंपाकाचा कंटाळा आलाय त्याला डबा पुरतो. आजी या दोहोंच्या मध्ये होत्या.

पर्याय, आणि मध्येच आलेला पुनर्विकास

मुलीकडे जाणं हा पहिला पर्याय. पण तिथे दोन खोल्या, बारावीतला मुलगा आणि 84 वर्षांच्या सासूबाई. शिवाय मुलगी सकाळी साडेआठला बाहेर पडून संध्याकाळी सातला येणार; म्हणजे तिथेही पुन्हा ब्युरोचीच बाई. मुलाने बंगळूरला नेण्याची तयारी दाखवली. आजींनी एका वाक्यात तो विषय संपवला: “तिथे मी भाजीवाल्याशीसुद्धा बोलू शकणार नाही.”

ज्येष्ठांसाठी बांधलेल्या गृहसंकुलांचा विचार झाला. पुण्यात ‘अथश्री’सारखे प्रकल्प वीसेक वर्षांपासून आहेत. तिथे फ्लॅट आपला असतो. जेवणघर, दवाखान्याची सोय आणि बरोबरीची माणसं असतात. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, 2024 साली अशा प्रकल्पांसाठी रुंद दारं, रॅम्प, चाकाची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, न घसरणारी फरशी असे निकष घालून दिले. पण हे निकष इमारतीचे आहेत. रात्री तीनला आंघोळघरापर्यंत कोण नेणार याचं उत्तर त्यांत नसतं. यजमान असते आणि दहा वर्षं आधी विचार केला असता तर ही जागा उत्तम होती.

धर्मादाय वृद्धाश्रम पुण्यात जुने आहेत. नवी पेठेतली ‘निवारा’ ही संस्था एकोणिसाव्या शतकात ससून घराण्याच्या देणगीतून उभी राहिली. पण अशा बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या वेळी माणूस हिंडता-फिरता असावा लागतो. आजी त्या अटीत बसत नव्हत्या.

एवढ्यात सोसायटीच्या पुनर्विकासाचा करार झाला. कोथरूडमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तीन वर्षं जागा रिकामी करायची, बिल्डर महिन्याला 22,000 रुपये भाडं देणार, नंतर सहाव्या मजल्यावर लिफ्टसकट नवा फ्लॅट. घर सोडायचं हा निर्णय आजींना किंवा मुलांना घ्यावाच लागला नाही. घरातला निम्मा ताण त्याने उतरला, असं माझं मत आहे. ‘आईला घराबाहेर काढलं’ हे वाक्य कोणाला कोणाविरुद्ध वापरताच येईना. ज्या घरात असं निमित्त नसतं तिथे हाच निर्णय दोन वर्षं लांबतो आणि बहुधा दुसऱ्या फ्रॅक्चरनंतर, दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, तासाभरात घेतला जातो.

सोसायटीतल्या एका स्नेह्यांनी सल्ला दिला की आत्ताच फ्लॅट मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून टाका. वकिलांनी हात जोडले. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ झाला नाही तर, परत मिळवता येते. पण ती अट होती हे दाखवायला न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. ऐंशीच्या उंबरठ्यावर तो उद्योग कशाला? मृत्युपत्र करा, जागा स्वतःच्या नावावरच ठेवा. तसंच केलं.

पैसे

आजींची पेन्शन 31,000 आणि भाड्याचे 22,000, मिळून 53,000. पाहिलेल्या ठिकाणी दोघींच्या खोलीची फी 36,000 च्या आसपास, स्वतंत्र खोलीची 48,000. डिपॉझिट दीड लाख. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, दवाखान्यात नेण्याची गाडी, सगळं वेगळं. पत्रकावरच्या फीवर सात-आठ हजार चढतात हे धरूनच चालावं.

मुलाला वाटत होतं की आरोग्य विम्यातून काही मिळेल. मिळत नाही. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना घालून दिलेल्या वगळणुकींमध्ये पाचवी आहे ती हीच: आंघोळ, कपडे, चालणं-फिरणं अशा रोजच्या मदतीसाठी घरी किंवा संस्थेत केलेली देखभाल विम्याबाहेर. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळू लागलेलं आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवचही दवाखान्यात भरती होण्यापुरतंच आहे. एक लहानशी सवलत आहे: करमुक्त धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थेने साठीपुढच्या रहिवाशाकडून निवास-भोजन-देखभालीसकट महिन्याला 25,000 पर्यंत घेतले तर त्यावर जीएसटी नाही. इथे फी त्याहून जास्त होती, त्यामुळे तोही प्रश्न मिटला.

आजींनी दोघींची खोली निवडली. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं: “माझ्या पैशात बसतं. मुलांच्या पैशात बसवायचं नाही.” हा हट्ट व्यवहारातही शहाणपणाचा होता. मुलांच्या वाट्यावर चालणारी व्यवस्था पहिल्या भांडणाबरोबर डळमळते.

तीन जागा

मुलीने तीन ठिकाणं पाहिली. पहिल्यांदा रविवारी अकराला, जशी सगळे पाहतात. तेव्हा सगळीकडे रांगोळी असते आणि फुलं ताजी असतात. नंतर तिन्ही ठिकाणी ती न सांगता रात्री आठनंतर गेली. एका ठिकाणी तिला आतच घेतलं नाही. ते नाव तिथेच कटाप. दुसऱ्या ठिकाणी चौदा जणांमागे रात्री एक मावशी, तीही रिसेप्शनवर. तिसऱ्या ठिकाणी, बावधनच्या पलीकडे, सोळा जणांमागे दोघी आणि खालच्या मजल्यावर सिस्टर. तिथल्या एका बाईंच्या पलंगाशेजारची बेल तिने दाबायला सांगितली आणि घड्याळ पाहिलं. दोन मिनिटांच्या आत मावशी आली. जेवणघराचा टीव्ही, बाग, भजनाचे कार्यक्रम यांपेक्षा ही दोन मिनिटं मोलाची आहेत.

आजींना मुलीने शेवटच्याच ठिकाणी नेलं. त्यांचे प्रश्न वेगळे होते. सकाळी साडेपाचला चहा मिळेल का? कपाटाची किल्ली माझ्याकडे राहील ना? बरोबरची बाई रात्री घोरते का? देव आणता येतील का? देव आणता येतील, पण निरांजन नाही, आगीच्या भीतीने विजेवरचा दिवा. हे ऐकून आजी गप्प झाल्या. चहाचं उत्तर ‘सहाला’ असं आलं. किल्लीचं ‘हो’. घोरण्याचं उत्तर व्यवस्थापकांनी हसून टाळलं.

करार

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त वेळ ज्याला दिला गेला ते योग्यच होतं: सहा पानी करार. आत कसं यायचं हे सगळेच विचारतात. इथून जायला कधी सांगाल, हे फार कमी जण विचारतात. करारात कलम होतं की रहिवाशाला पलंगावरून उठवायला ‘एकाहून अधिक व्यक्तींचा आधार’ लागू लागल्यास तीस दिवसांत अन्य व्यवस्था करावी. कलम अन्यायाचं नव्हतं. रात्री दोनच मावशा असताना एकीसाठी दोघी अडकल्या तर बाकीचे पंधरा वाऱ्यावर. पण तीस दिवसांत ऐंशीच्या बाईसाठी दुसरी जागा शोधून दाखवावी कोणी! बोलणी होऊन साठ दिवस झाले, आणि स्वतःच्या खर्चाने जादा बाई ठेवली तर आणखी तीन महिने राहता येईल असं जोडलं गेलं.

आणखी काही ओळी वाढल्या. दवाखान्यात भरती असताना खोली राखून ठेवायची, पण त्या दिवसांच्या जेवणाचे पैसे घ्यायचे नाहीत. वर्षाला फी किती टक्क्यांपर्यंत वाढेल. डिपॉझिट किती दिवसांत परत. कोणत्या दवाखान्यात न्यायचं आणि आधी फोन कोणाला.

सही आजींनीच केली. मुलाकडे आजींच्या वतीने व्यवहार करण्याचं कुलमुखत्यारपत्र होतं, पण वकिलांनी ते बाजूला ठेवायला लावलं. भारतीय करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की ते पत्र संपतं. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज लागणार, त्याच दिवशी ते निकामी. म्हणून ठेवी आणि एक बचत खातं मुलीबरोबर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघींपैकी कोणालाही चालवता येईल असं, केलं, मृत्युपत्र झालं, आणि शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत याचं इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून करून घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्य केलेली ही सोय 2023 साली सुटसुटीत केल्यामुळे आता त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. डॉक्टरांचं ‘निर्णय समजतात’ हे वाक्य या सगळ्या कागदांना जोडलं.

राहायला गेल्यावर

पहिला महिना परीक्षेचा ठरवला होता, डिपॉझिट न भरता. तो कठीण गेला. जेवण सातला, भाजीत लसूण, आमटीत गूळ नाही. चार ते सात ही वेळ तिथेही वाईटच; फोन चाराचे सहा झाले. मुलीने रोज जायला सुरुवात केली, आणि व्यवस्थापकांनी तिला स्पष्ट सांगितलं की ठरावीक दिवशी या, पण ठरलेल्या दिवशी चुकू नका. मंगळवार आणि शनिवार ठरले. फोन हळूहळू उतरले. खोलीतल्या दुसऱ्या बाई मूळच्या सोलापूरच्या, मोठ्याने बोलणाऱ्या. आजी त्यांना ‘त्या बाई’ म्हणायच्या. चौथ्या महिन्यापासून ‘आमच्या वहिनी’ म्हणू लागल्या. दोघींचं भांडण मात्र खिडकीवरून रोजचं.

गोळ्या सिस्टर द्यायला लागल्यापासून साखर एकदाही सत्तरच्या खाली गेली नाही. रात्री बेल वाजवायचा संकोच गेला, कारण मावशी जागीच असते आणि ते तिचं कामच आहे. वजन अडीच किलो वाढलं. चहा मात्र सहालाच येत राहिला. त्याबद्दलची तक्रार आजींनी सुवाच्य अक्षरात तक्रारवहीत तीनदा लिहिली.

गमावलं काय, तेही नोंदवायला हवं. आजींनी पुन्हा कधी फोडणी घातली नाही. कोथरूडच्या मैत्रिणी सुरुवातीला आल्या, मग रिक्षाचे पैसे आणि गुडघे आडवे आले. पुस्तकांची तीन कपाटं मुलीच्या माळ्यावर गेली. सोय वाढली तशी स्वतः काही ठरवण्याची जागा आक्रसली. ही किंमत फीमध्ये कुठे धरलेली नसते, पण ती असतेच.

चौदा महिन्यांनंतर

न्यूमोनिया झाला. नऊ दिवस दवाखान्यात. परतल्या तेव्हा पायांत बळ उरलं नव्हतं, आणि उठवायला दोघी लागू लागल्या. तिथल्या व्यवस्थापकांनी करारातल्या कलमाप्रमाणे पत्र दिलं. मुलगा चिडला, मुलीने करार काढून साठ दिवस आणि तीन महिने दाखवले. दिवसाची जादा बाई ठेवली, आठवड्यातून चार वेळा फिजिओथेरपी सुरू झाली. आता महिन्याचा खर्च 68,000 वर गेला, म्हणजे आजींच्या पैशात बसेना. वरचे पंधरा हजार कोणी किती द्यायचे यावर भावंडांत दोन रविवार गेले. शेवटी मुलगा दहा आणि मुलगी पाच, कारण आठवड्यातले दोन दिवस तीच जाते. हे तिने स्वतः मांडलं आणि लिहून घेतलं. मला ते आवडलं. हेलपाट्यांची किंमत बहुतेक घरांत कोणी मोजतच नाही.

सातव्या आठवड्यात आजी पुन्हा एकीच्या आधाराने उठू लागल्या, पण फक्त सकाळी. संध्याकाळी दमल्यावर अजून दोघी लागतात. डॉक्टरांचं म्हणणं, याहून फार सुधारणा धरू नका. मुलीने शुश्रूषेची सोय असलेली दोन ठिकाणं पाहून ठेवली आहेत, अर्थात रात्री आठनंतर. पुन्हा तपासणी दिवाळीनंतर आहे आणि जादा बाईची मुदतही तेव्हाच संपते. नव्या इमारतीचा चौथा स्लॅब पडला आहे. तिथे परत जायचं, जागा भाड्याने द्यायची की विकायची, हे मुलांनी दोनदा विचारलं. आजींचं उत्तर: “ताबा मिळू दे, मग सांगते.”